उष्टा शब्द

सांगलीतल्या आमच्या लोकशब्द मंडळात एक गोष्ट शिपायापासून प्रमुखांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. केतकी ठोंबरेच्या, म्हणजे माझ्या, टेबलावरून शब्द सहजासहजी पुढे सरकत नाही. कॉलेजच्या कट्ट्यावर पोरं काहीही बरळतात, ते चार महिने सगळीकडे वाजतं आणि विझून जातं. असल्या शब्दांना कोशात बसवायचं म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला बोलावून पंगतीत पाट मांडायचा. म्हणून आमचे नियम कडक. शब्द निदान पाच जिल्ह्यांत बोलला गेला पाहिजे. एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांनी तो एकाच अर्थानं वापरला पाहिजे, आणि काही वर्षं टिकला पाहिजे. लोक तो चार तऱ्हांनी लिहीत असतील तर चारही गोळा करायच्या, जास्त चालणारी ठळक छापायची, बाकीच्या शेजारी बारीक अक्षरात. इतकी वर्षं हे काम करतेय, पण ओळखीपाळखीनं एकही शब्द मी आत घेतला नाही. एकाच शब्दासाठी माझा जीव खालीवर झाला, कारण तो माझ्या घरातला होता.

हुश्शी.

आमच्या लग्नानंतरच्या सत्यनारायणाला घर माणसांनी भरून गेलं होतं. संध्याकाळी शेवटची आत्याबाई गेली, यतिननं दार लावलं, दाराला पाठ टेकली आणि म्हणाला, ‘‘हुश्शी.’’ नुसतं हुश्श नाही. शेवटचा स्वर जरासा वर झुलवला आणि झुलतानाच श्वास सोडून दिला. मी हसत सुटले. तोवर आम्ही एकमेकांशी धड बोललोही नव्हतो, कांदेपोहे खाऊन ठरलेलं लग्न आमचं. त्या एका शब्दानं मला कळलं की या माणसाला सगळे गेल्यावर माझ्याबरोबर उरणं आवडतंय. पुढे तो शब्द घरचाच झाला. पाहुणे गेले, हुश्शी. मुलगी एकदाची झोपली, हुश्शी. सोसायटीची मीटिंग संपली, हुश्शी. मला दागिने नाहीत म्हणून कधी वाईट वाटलं नाही, पण तो शब्द मी दागिन्यासारखा जपला.

आणि जपता जपता जगाला दाखवला, तिथंच माझं चुकलं. फोनवर शब्दांविषयी गप्पा मारायचा माझा एक कार्यक्रम आहे, त्यात मी तो सांगितला. बघता बघता पोरांनी उचलला. साहेब रजेवर गेला की हुश्शी, तास रद्द झाला की हुश्शी. रिक्षाच्या मागे हुश्शी, टी-शर्टवर हुशी, लातूरच्या मुली हुष्शी लिहितात, कोणी नुसतंच श्शी. तीन वर्षांत तो नंदुरबारपर्यंत पोचला. मी टेबलावर अर्थ लिहून ठेवला : ‘सगळे गेल्यावर मागे उरलेल्या दोघांना वाटणारी सुटका.’ मंडळाचे प्रमुख घोरपडे सर म्हणाले, यातलं ‘दोघांना’ काढा, लोक एकटेही म्हणतात. मी म्हटलं, लोकांना काय कळतंय.

त्या साली मंडळानं नवा नियम आणला होता. बोलीतून आलेल्या प्रत्येक शब्दाखाली तो पहिल्यांदा उच्चारणाऱ्या माणसाचं नाव छापायचं. माझ्या डोळ्यांसमोर पानच उभं राहिलं. प्रथम उच्चार : यतिन ठोंबरे, सांगली. खाली बारीक अक्षरात, प्रसार : केतकी ठोंबरे. नवराबायकोचं नाव एका शब्दाखाली, तेही कोशात. मी सगळ्या कचेरीला पेढे कबूल करून बसले.

फक्त मागोव्याचा निकाल यायचा होता.

मागोवा हे आमचं यंत्र. माणूस शब्द उचलतो तेव्हा नुसता शब्द उचलत नाही. ज्याच्या तोंडून तो ऐकला त्याची श्वास सोडायची तऱ्हा, स्वर चढवायची रीत, जीभ टाळ्याला टेकवायची जागा, यातलंही थोडंथोडं त्याच्याबरोबर येतं. आपल्या कानाला ते कळत नाही, यंत्राला कळतं. पुण्याच्या एका ध्वनिप्रयोगशाळेनं हे दाखवून दिलं आणि त्याला नाव दिलं ‘ठसा’. तुमच्या तोंडचा शब्द मागोव्याला ऐकवला की तो सांगतो, हा बाईकडून आला की पुरुषाकडून, कोणत्या भागातल्या, साधारण किती वयाच्या. त्या माणसाचा आवाज राज्याच्या ध्वनिसंग्रहात असला तर नावासकट सांगतो. आणि संग्रहात कोण नाही? वीजबिलात सवलत मिळते म्हटल्यावर लोकांनी वर्षानुवर्षांचे व्हॉइस मेसेज खुशाल देऊन टाकले. अट एकच. शब्द आपसूक निघालेला पाहिजे. ‘म्हणा बघू’ म्हटल्यावर माणूस जो म्हणतो त्यात ठसा नसतो, तो शब्द कोरा असतो.

मागोवा चालवतात इरफान मुजावर. मिरजेचे, सतारी बनवणाऱ्या घरातले, त्यामुळे कान तयार. त्यांनी मला एकदा चहा पिता पिता सांगितलं होतं, ‘‘केतकीताई, ऐकलेल्या सगळ्यांचा ठसा उमटत नाही. ज्याला माणूस जीव लावून ऐकतो त्याचाच उमटतो. जीव प्रेमानं लावा नाहीतर रागानं, यंत्राला दोन्ही सारखंच.’’ मी मान डोलावली आणि दुसरा कप मागवला.

लोकांनी या यंत्राचं बारसं आपल्या परीनं केलं. उष्टं-यंत्र. त्याची स्वस्त आवृत्ती फोनवर आली आणि घराघरांत काडी पडली. माझ्या मावसबहिणीनं नवऱ्याच्या तोंडचं ‘राणी’ तपासलं, ते बँकेतल्या कोणा बाईकडून आलेलं निघालं, झालं, ही माहेरी. मुलगी बघायला जाणारे लोक तिला हसतखेळत बोलतं करायचे आणि खिशात फोन चालू ठेवायचे. तिच्या तोंडात कोणाकोणाचे शब्द आहेत ते घरी जाऊन बघायचे. मी असल्यांची यथेच्छ टिंगल करायची. मावसबहिणीला म्हटलं, अगं, भाषा सगळी उष्टीच असते, आईच्या तोंडातली आपल्या तोंडात येते, त्यात रडण्यासारखं काय आहे. दुसऱ्याच्या घरात शहाणपण सुचायला काही कष्ट पडत नाहीत.

यतिनचा नमुना मी घरीच घेतला. त्याला सांगून फोन हॉलमध्ये चालू ठेवला होता, नणंदेचं कुटुंब गेलं आणि शब्द आपसूक पडला. निकालाच्या दिवशी दुपारी घोरपडे सर स्वतः मागोव्याच्या खोलीत आले. पेढ्यांचा डबा मी उघडूनच ठेवला होता. इरफानभाईंनी पडद्यावर बघितलं, परत बघितलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, पुढे दुवा आहे.

दुवा म्हणजे यतिन पहिला नव्हता. शब्द त्याच्याकडे एका बाईकडून आला होता. दक्षिण कोकण, वेंगुर्ल्याकडची, तेव्हा वय तिशीच्या आत. नावही होतं, संयोगिता रेडकर. खानावळ चालवायची, आज जेवणात काय आहे ते गिऱ्हाइकांना रोज सकाळी बोलून पाठवायची, म्हणून संग्रहात तिचा आवाज ढिगानं होता. तिच्या मागे मात्र कोणी नव्हतं. शब्द तिच्याच तोंडात जन्मला होता. घोरपडे सर म्हणाले, अभिनंदन, उगम सापडला. कोणी पेढ्याला हात लावेना. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती आणि मी हसून सगळ्यांना, घ्या ना, घ्या, म्हणत होते.

यतिन आता तासगावच्या बेदाण्याच्या शीतगृहांची यंत्रं बघतो. लग्नाआधी तो वेंगुर्ल्याला एका बर्फाच्या कारखान्यात होता, एवढंच मला ठाऊक. त्या संध्याकाळी मी ताट वाढलं आणि विचारलं, संयोगिता रेडकर कोण. त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, ‘‘खानावळ होती तिची. जेवायला जायचो मी.’’ मी म्हटलं, आणि हुश्शी? तो म्हणाला, शब्द असतात गं, कुठून तरी येतात. मग तो जेवला आणि स्वतःचं ताट स्वतः घासून ठेवलं. त्या घासण्याचा मला जास्त राग आला. माणूस ओरडला असता तर मीही ओरडले असते.

त्यानंतर त्यानं घरात तो शब्द टाकून दिला. कोणी आलं गेलं की नुसतं दार लावायचा. बसमध्ये कंडक्टर हुश्शी म्हणायचा, भाजीवाली म्हणायची, समोरच्या इमारतीतलं शेंबडं पोर म्हणायचं, सगळा महाराष्ट्र म्हणत होता, फक्त माझं घर सोडून. रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच. मला माझा शब्द परत हवा होता. सत्यनारायणाच्या संध्याकाळी दाराला टेकलेला माझा नवरा मला परत हवा होता, आणि तिथं ही बाई येऊन उभी राहिली होती.

नियमाप्रमाणे मंडळातलं कोणीतरी जाऊन पहिल्या उच्चाराचा नमुना समोरासमोर आणायचा आणि नाव छापायला होकार घ्यायचा. ते जमलं नाही तर साखळी ज्याचा नमुना हाती आहे अशा शेवटच्या माणसावर थांबते. म्हणजे यतिनवर. हे मला पाठ होतं. सर म्हणाले, केतकी, दुसऱ्या कोणाला पाठवू. मी म्हटलं, शब्द माझ्या टेबलावरचा आहे, मीच जाणार. घरी सांगितलं, कोल्हापूरला बैठक आहे.

आंबोलीचा घाट उतरून वेंगुर्ल्यात पोचले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. खानावळ अजून तीच, बाईही तीच. मी सांगितलं, शब्दकोशाकडून आलेय, इथली बोली ऐकायचीय, फोन टेबलावर चालू ठेवला तर चालेल का. शब्द कोणता ते आधी सांगायचं नसतं, सांगितलं की तो कोरा होतो. आणि मी कोण ते सांगायची गरज मला वाटली नाही. ती म्हणाली, ठेवा की, पण आधी जेवा.

मी तिच्यात खोट शोधत बसले. केस पिकलेले, रंगवलेले नाहीत. टाचा भेगाळलेल्या. आवाज भसाडा नाही म्हणवत, पण गोडही नाही. मग बांगड्याचं तिखलं आलं, वाटीत सोलकढी आली, आणि मी पहिला घास घेतला. यतिन घरी मासा खात नाही. सांगलीत ताजा मिळत नाही म्हणतो. मला वाटायचं, किती काटेकोर माणूस. त्या घासाला मला कळलं की ताजेपणाचा काही संबंध नाही. जेवण इतकं चांगलं होतं की मला रडू यायला लागलं, आणि मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

गिऱ्हाइकं एकेक करून उठली. शेवटी ट्रकवाले दोघे गेले. तिनं शटर अर्धं ओढलं, पदराला हात पुसले, माझ्यासमोरच्या बाकावर बसली, पाय लांब केले आणि म्हणाली, ‘‘हुश्शी.’’

माझ्या नवऱ्याचा आवाज होता तो, बाईच्या गळ्यातून आलेला. तोच वर झुललेला स्वर, तसाच मध्येच सोडून दिलेला श्वास. मला मागोव्याची गरज नव्हती.

मी म्हटलं, ‘‘मी यतिनची बायको.’’

ती दचकली नाही. लांब केलेले पायही न आवरता विचारलं, ‘‘बरो आसा मा तो?’’

मी म्हटलं, बरा आहे.

‘‘नीट जेवता मा?’’

मी म्हटलं, जेवतो. तिनं मान हलवली, विषय मिटल्यासारखी. एखादीनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ही माझ्या नवऱ्याच्या जेवणाची चौकशी करत होती, आणि त्या चौकशीत मी कुठंच नव्हते.

मग मी शब्दाचं, यंत्राचं, नावाचं सगळं सांगितलं. ती हसली. इतक्या लोकांच्या तोंडी असलेला शब्द तिनं पहिल्यांदा म्हटलेला, हे तिला खरंच वाटेना. मी विचारलं नव्हतं तरी तिनंच सांगितलं. यतिन मुद्दाम सावकाश जेवायचा, सगळे उठेपर्यंत. सगळे गेले की ती त्याच्यासमोर असंच पाय लांब करून बसायची. एकदा दमून तोंडातून हे काहीतरी निघालं, तो हसला, म्हणून दुसऱ्या दिवशी परत निघालं. एकटी असताना असलं कोण बोलतंय, म्हणाली. यतिननं तिला लग्नाचं विचारलं होतं. वडील अंथरुणाला खिळलेले, खानावळ हिच्या एकटीच्या अंगावर, आणि हा वेंगुर्ल्यात राहणारा नव्हे. ही नाही म्हणाली. एवढंच. हे सगळं तिनं टेबल पुसता पुसता सांगितलं. नावाचं विचारलं तर म्हणाली, लावा नाहीतर नका लावू, त्यानं मासे काही जास्त खपायचे नाहीत.

परतताना घाटात गाडी चहाला थांबली. फोन माझ्या हातात होता. बाई भेटली नाही, एवढे तीन शब्द टाइप केले की काम झालं असतं. नमुना पुसायचा, कोशात यतिन ठोंबरे, सगळ्यांना पेढे. कोणाला काही कळलं नसतं. माझं बोट त्या जागेवर होतं.

आणि मग माझ्या डोक्यात आलं, की हिला कोशातून पुसली तर ही राहणार कुठं? माझ्याच घरात. बिननावाची, दार लावलं की तिथं उभी. त्यापेक्षा हिला कोशात बसवते, नावगावासकट, पानावर. निदान माझ्या हॉलमधून तरी उठेल. मी नमुना पाठवून दिला. पुढच्या बैठकीत घोरपडे सरांनी माझ्या सचोटीवर छोटंसं भाषण केलं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

उच्चाराचं टिपण लिहायचं काम माझंच. स्वर कुठून उचलतो, श्वास कुठं सुटतो, हे नमुना ऐकून लिहायचं. चारदोन वेळा ऐकलं की लिहून होतं. मी ऐकतच बसले. कचेरीत ऐकायची, बसमध्ये ऐकायची, कांदा चिरताना कानात घालून ऐकायची. असं काय आहे या बाईच्या आवाजात, म्हणून दातओठ खात ऐकायची. शेवटी इरफानभाईंनी माझ्या डोक्यावरचे हेडफोन हळूच काढून घेतले. म्हणाले, टिपण तर तुम्ही केव्हाच दिलंय.

कोश निघाला. पहिली प्रत घेऊन मंडळातले सगळे संध्याकाळी आमच्या घरी आले. कोणीतरी हौसेनं ते पान यतिनसमोर धरलं. हुश्शी, स्त्रीलिंगी नाम. हुशी, हुष्शी, श्शी अशाही रूपांत. सगळे गेल्यावर मागे उरलेल्यांना वाटणारी सुटका. ‘दोघांना’ मीच काढलं होतं. प्रथम उच्चार : संयोगिता रेडकर, वेंगुर्ले. यतिननं ते वाचलं, पुस्तक मिटलं, माझ्या हातात दिलं आणि लोकांना चहा हवा का विचारलं.

सगळे गेले. त्यानं दार लावलं आणि कप गोळा करायला लागला. पाठमोराच म्हणाला, ‘‘गेली होतीस तू?’’ मी हो म्हटलं. त्यानं पुढचा कप उचलला. तिनं विचारलेल्या दोन गोष्टी मी त्याला सांगितल्या नाहीत. अजूनही सांगितलेल्या नाहीत, सांगणारही नाही.

दिवसभर उभी होते, पाय भरून आले होते. मी सोफ्यावर बसले, पाय लांब केले, आणि माझ्याही नकळत तोंडातून निघालं, ‘‘हुश्शी.’’

यतिनच्या हातातले कप वाजायचे थांबले. तो वळला. त्याचा तो चेहरा मी इतक्या वर्षांत बघितलेला नव्हता. सत्यनारायणालाही नाही, मुलीच्या जन्मालाही नाही. कोवळा, घाबरलेला, आणि इतका आनंदी की मला बघवेना. क्षणभर मला वाटलं, मिळाला, माझा नवरा मला परत मिळाला. मग माझ्या कानात माझाच शब्द उशिरा वाजला. वर झुललेला स्वर, मध्येच सुटलेला श्वास. जीव लावून ऐकलं होतं ना मी तिला, रागानं का होईना. तो माझ्याकडे बघत होता आणि तिला ऐकत होता.

दुसरी कोणी असती तर उठून आत गेली असती. कप फोडले असते. मला त्या चेहऱ्याची हाव सुटली. मी पाय आणखी जरा लांब केले, बाकावर ती बसली होती तशी, आणि परत म्हटलं, ‘‘हुश्शी.’’

पण हा ठरवून म्हटलेला होता. कोरा. यतिननं माझ्याकडे बघितलं, डोळ्यांतलं जे होतं ते गेलं, आणि तो म्हणाला, दमलीस का, चहा टाकू?

आजकाल दर रविवारी आमच्याकडे कोणी ना कोणी जेवायला असतं. मीच बोलावते. नणंदा म्हणतात, केतकी बदलली, किती माणसं जोडते आता. मी मन लावून रांधते, हवं नको बघते, दारापर्यंत पोचवायला जाते. सगळे गेले की पाय लांब करून बसते आणि गप्प राहते, कारण ओढून आणला तर तो शब्द उपयोगाचा नाही, आपसूक पडला तरच. कधी पडतो, बहुतेकदा नाही. यतिन कप गोळा करत असतो. हल्ली तो ते फार सावकाश करतो.